नवा दात रुजायला किती दिवस लागतात?





गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अंकात आम्ही एक आनंदाची बातमी दिली होती. आपल्या एका वाचक कुटुंबाने दिवंगत आईच्या स्मरणार्थ देणगी पाठवली होती. धडगाव भागातील आमच्या वसतिगृहात शिकून गेलेल्या एका मुलीचे पुढचे दोन दात त्यातून बसवावेत, अशी त्यांची इच्छा होती. वसतिगृहाच्या वर्धापनदिनाला हे कुटुंब आले होते. तेव्हा ही मुलगी तोंडावर ओढणी धरून गीत गात होती, ते त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

त्या बातमीनंतर बरेच फोन आणि पत्रे आली. काम कुठवर आले, असे काहींनी विचारले. पण खरे सांगायचे तर निम्म्याहून अधिक जणांनी स्वतःसाठीच विचारले. इम्प्लांट म्हणजे नेमके काय? फार दुखते का? साखर असलेल्यांना चालते का? खर्च किती? आपल्या वाचकांत साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत, तेव्हा हे साहजिकच आहे. मी डॉक्टर नाही. मात्र गेल्या जूनपासून यंदाच्या मे महिन्यापर्यंत या मुलीबरोबर दहा वेळा दवाखान्याच्या फेऱ्या केल्या, डॉक्टरांना कंटाळा येईल इतके प्रश्न विचारले आणि वहीत उत्तरे लिहून घेतली. त्या वहीतूनच हे लिहीत आहे. लेख छापण्याआधी तिला वाचून दाखवला. "नाव नको, ताई. बाकी सगळं लिहा," असे तिने सांगितले.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण इम्प्लांट करून घेणाऱ्याची आणि त्यासाठी देणगी देणाऱ्याची, दोघांचीही गल्लत इथेच होते. डॉक्टरांचे हाडातले काम तासा-दीड तासाचे असते. उरलेले सगळे काम हाडाचे असते, आणि हाड आपल्या वेळेनेच चालते.

आपला दात दोन भागांचा असतो. वर दिसतो तो भाग आणि जबड्याच्या हाडात रुतलेले मूळ. कवळी लावतो तेव्हा फक्त वरचा भाग परत येतो, मूळ येत नाही. इम्प्लांट म्हणजे बनावट मूळ. टायटॅनियम या धातूचा हा छोटा स्क्रू साधारण दहा-बारा मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो हाडात बसवतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते. मग त्यावर एक जोडतुकडा आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप लावतात. म्हणजे मूळ, जोड आणि कॅप असे तीन भाग झाले. दुकानदाराने किंवा दवाखान्याने "इम्प्लांट इतक्या हजारांत" असे सांगितले, तर त्यात तिन्ही भाग धरले आहेत का, हे विचारून घ्यावे. पुष्कळदा तो भाव नुसत्या स्क्रूचा असतो.

टायटॅनियम आणि हाड यांचे असे जुळते, हे कोणी ठरवून शोधलेले नाही. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला चिकटून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसावर हा उपाय केला. त्यांचे नाव योस्टा लार्सन. त्यांच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते आणि त्यांना नीट चावता-बोलता येत नव्हते. त्यांच्या खालच्या जबड्यात बसवलेले ते स्क्रू २००६ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. मला या गोष्टीत विशेष वाटते ते हे की पहिला इम्प्लांट हसू सुंदर दिसावे म्हणून झाला नाही. ज्याला धड जेवता येत नव्हते अशा माणसासाठी तो झाला.

आता आमच्या मुलीकडे येते. नववीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावी गेली होती. पाड्यावरच्या हापशाचा दांडा उसळून तोंडावर आदळला आणि वरचे मधले दोन दात मुळासकट निखळून पडले. इथे एक उपयोगाची माहिती मध्येच सांगते. मूळासकट पडलेला पक्का दात तासाभरात डॉक्टरांकडे पोहोचला, तर पुष्कळदा परत बसवता येतो. दात वरच्या पांढऱ्या बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये, माती असेल तर नुसते पाणी ओतून काढावी आणि दात दुधात बुडवून न्यावा. मात्र दुधाचे दात असे परत बसवत नाहीत. तिच्या पाड्यावरून दाताचे डॉक्टर तासाभरात गाठणे शक्यच नव्हते. हे दुधाचे त्या वेळी कोणाला ठाऊकही नव्हते. आता आमच्या दोन्ही वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात हे लिहून लावले आहे.

मग तेव्हाच इम्प्लांट का केला नाही, असे एका वाचक काकांनी पत्रातून विचारले आहे. कारण वय. पंधराव्या वर्षी जबडा वाढत असतो. खरे दात त्या वाढीबरोबर खाली सरकतात, पण हाडात घट्ट बसलेला स्क्रू जिथल्या तिथे राहतो. दोन-तीन वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो आणि सगळे बिघडते. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण अठरा वर्षांपर्यंत आणि मुलांच्या बाबतीत बहुधा त्याहूनही थोडे अधिक, थांबावेच लागते. आपल्या नातवंडांपैकी कोणाचा दात खेळताना पडला असेल आणि कोणी लगेच इम्प्लांट सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या. तोवर काढता-घालता येणारा तात्पुरता दात लावता येतो. तिलाही एका शिबिरात तसा मिळाला होता, पण वर्षभरात तो तुटला. आणि मग राहून गेले ते राहूनच गेले.

या राहून जाण्याचीही एक किंमत असते. दात गेला की त्याखालचे हाड झिजू लागते, आणि पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त झिजते. चावण्याचा दाब मिळाला नाही की शरीर त्या हाडाची राखण करत नाही. ती बाविसाव्या वर्षी दवाखान्यात गेली तेव्हा सात वर्षे उलटली होती. आधी सगळ्या जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढला. त्याला ओपीजी म्हणतात. मग हाडाची जाडी चारी बाजूंनी दाखवणारा सीबीसीटी नावाचा स्कॅन झाला. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवले, तेव्हा मलाही कळले. उंची ठीक होती, पण पुढून मागे मोजले तर हाड सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते. त्यात स्क्रू मावलाच नसता. आधी हाड भरावे लागणार होते.

हाड भरणे म्हणजे हिरडी उघडून, झिजलेल्या जागी हाडाची दाणेदार पूड घालून, वर पातळ पडदा ठेवून टाके घालणे. ही पूड आपल्याच जबड्यातून काढलेली असू शकते, प्रयोगशाळेत तयार केलेली असू शकते किंवा गायी-बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असू शकते. तिने कोणतीही चालेल असे सांगितले. पण ज्यांना आपल्या शरीरात काय घातले जाते याचे भान ठेवायचे असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी विचारावे. विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर रागावत नाहीत. ही पूड म्हणजे मंडपाला बांधलेला वेलीचा आधार समजा. शरीर तिच्या आधाराने हळूहळू आपले हाड तयार करते. त्याला पाच-सहा महिने लागतात.

याच सुमारास तिच्या मामाने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. "एका दिवसात पक्के दात." मामा म्हणाला, "ताई, तिकडे एका दिवसात होतं, मग आपण वर्षभर का फिरायचं?" प्रश्न रास्त होता. स्क्रू बसवला त्याच दिवशी तात्पुरती कॅप लावण्याची पद्धत खरीच आहे, पण त्यासाठी हाड जाड आणि भक्कम लागते. शिवाय तो दात काही महिने चावण्यासाठी वापरायचा नसतो, म्हणजे थांबणे तिथेही सुटत नाही. आमच्या डॉक्टरांनी मामाला स्कॅनवरचे ते पातळ हाड दाखवले आणि शांतपणे म्हणाले, "या भिंतीत आत्ता खिळा ठोकला तर भिंतच जाईल." मामाला लगेच पटले. तो गवंडीकाम करतो.

पटायला जरा वेळ लागला तो आमच्या कार्यकारिणीला. एका ज्येष्ठ सभासदांनी बैठकीत सरळ विचारले की, दोन दातांच्या खर्चात पाड्यांवरच्या किती म्हाताऱ्या माणसांना कवळ्या मिळतील? हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. कवळी ही कमी प्रतीची सेवा नव्हे. ज्यांचे सगळे दात गेले आहेत आणि ज्यांना पेज आणि डाळीपलीकडे काही खाता येत नाही, त्यांना चांगल्या मापाची कवळी दोन-तीन आठवड्यांत भाकर खाऊ घालते. फक्त एखाद-दुसरा दात गेला असेल तर ब्रिज हाही पर्याय असतो. शेजारचे दोन्ही दात घासून लहान करायचे आणि त्यांच्या आधाराने मधला दात लटकवायचा. काम आठ-पंधरा दिवसांत होते आणि खर्चही कमी येतो. पण बाविसाव्या वर्षी शेजारचे दोन निरोगी दात कायमचे घासून टाकणे डॉक्टरांना मान्य नव्हते. तेवढ्या वयात लावलेला ब्रिज आयुष्यात दोन-तीन वेळा बदलावा लागला असता आणि दर वेळी आधाराचे दात कमकुवत झाले असते. शिवाय ती नर्सिंगच्या शिक्षणाला लागली होती. रुग्णांशी दिवसभर बोलायचे काम, आणि ही तोंडावर हात धरून बोलणार. देणगी देणाऱ्यांनी हेतू स्पष्ट लिहिला होता, तेव्हा बैठकीत ठराव झाला. कवळ्यांचा प्रश्न मात्र आम्ही बाजूला टाकलेला नाही. त्याविषयी शेवटी लिहिते.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकांना याचीच चिंता आहे. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होतच नाही, असे नाही. पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी करतात, आणि ती आटोक्यात नसेल तर आधी साखर आणि मग दात. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचे एकमेकांशी बोलणे करून द्यावे. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्या औषधांमुळे जबड्याचे हाड क्वचित भरून येत नाही. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कर्करोगासाठी शेक दिलेले असतील तर तेही सांगावे. आपल्या महिला मंडळातील बहिणी हाडांचे इंजेक्शन हे "औषध" धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आमच्या भागात आणखी एक तपासणी लागते, ती म्हणजे सिकलसेलची. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. तो पूर्ण स्वरूपात असेल तर हाडांना रक्तपुरवठा कमी पडतो, शस्त्रक्रियेचा ताण सोसत नाही आणि संसर्गाची भीती राहते. तिची शाळेत तपासणी झाली होती, पण कागद सापडेना. ग्रामीण रुग्णालयात पुन्हा केली. ती निघाली फक्त वाहक. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, त्यामुळे मार्ग मोकळा झाला. तिचा धाकटा भाऊही त्याच दिवशी तपासून घेतला.

आणि तंबाखू. बिडी, सिगारेट, गुटखा, चुना-तंबाखू, मशेरी, सगळे त्यात आले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पाड्यावरच्या दुकानात तो मिळतो हे आपण सगळे जाणतो. तंबाखूने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी मिळते आणि स्क्रू न धरण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांनी तिला विचारले तेव्हा तिने मान खाली घातली. बिडी नव्हे, मशेरी. आईबरोबर सकाळी लावायची सवय होती. तिने ती सोडली, पण पहिले तीन आठवडे तिला फार जड गेले. पुढची गोष्ट जरा स्पष्टच लिहिते. उपासनेला न चुकता येणाऱ्या आपल्या घरांतही मशेरीची डबी असते, आणि तिला आपण व्यसन म्हणत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्क्रू बसवायचा दिवस ठरला. डॉक्टरांनी मला आत बसू दिले. सुरुवातीला हिरडीत भुलीची सुई दिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात जास्त दुखले ते एवढेच. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. माणूस जागा असतो, दाब आणि थरथर जाणवते, वेदना जाणवत नाही. हिरडी बाजूला करून आधी बारीक आणि मग क्रमाने जाड ड्रिलने हाडात भोक पाडले. सारा वेळ त्यावर थंड सलाईनचे पाणी सोडत होते. मी कारण विचारले. ड्रिलच्या घर्षणाने हाड तापते, आणि ते ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर जरी राहिले तरी त्या जागचे हाड मरू शकते. मेलेले हाड स्क्रूला धरत नाही. म्हणून पाणी, आणि म्हणून घाई नाही. मग स्क्रू हळूहळू फिरवत बसवले, वर झाकणे लावली, हिरडी ओढून टाके घातले. दोन्ही मिळून पाऊण तास लागला. त्यातला बराच वेळ तिने डोळे मिटले होते. प्रार्थना करत होतीस का, असे नंतर विचारले, तर म्हणाली, "आधी केली. मग मोजत होते, किती वेळा पाणी सोडलं ते."

पहिल्या दोन-तीन दिवसांत ओठ आणि गाल सुजतात, कधी काळे-निळेही होतात. त्याने घाबरू नये. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाने थोडा थोडा वेळ शेकावे. जोराने थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने ओढून पिऊ नये, नाहीतर जखमेवरची रक्ताची गाठ निघून येते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात आणि डॉक्टरांनी दिलेले औषधी पाणी वापरावे. पेज, मऊ भात, डाळ आणि केळी हा तिचा आठवडाभराचा आहार होता. पण फार गरम नको, तिखट नको. गोळ्या पूर्ण घ्याव्यात. दुखणे तीन-चार दिवसांत उतरायला हवे. ते उलट वाढत असेल, ताप येत असेल, पू दिसत असेल किंवा ओठ-हनुवटी बधिरच राहिली असेल, तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे. दहाव्या दिवशी टाके काढले.

त्यानंतर थांबणे आले. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असते, तिथे साधारण तीन महिने पुरतात. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असते, तिथे चार ते सहा महिने धरावे लागतात. देणगीदार कुटुंबाने फार प्रेमाने विचारले होते की, नाताळच्या अंकात नव्या दातांचा तिचा फोटो छापता येईल का. नाताळला तिच्या हिरडीतले टाके नुकतेच निघाले होते. तात्पुरती कवळी घालायची परवानगी होती, पण जेवताना आणि झोपताना काढून ठेवायची होती, कारण जखमेवर दाब पडता कामा नये. फोटोविषयी आम्ही तिलाच विचारले. ती नको म्हणाली. त्या कुटुंबाला तसे कळवले आणि त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले. आपल्या वार्तापत्रात "आधी" आणि "नंतर" असे कोणाच्या तोंडाचे फोटो छापू नयेत, हे माझे मत मी या निमित्ताने संपादकांना लेखी दिले आहे.

थांबण्यातली दुसरी अडचण शहरातल्या वाचकांच्या लक्षात चटकन येणार नाही. दिवाळीनंतर आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातमध्ये जातात आणि उन्हाळा लागला की परततात. ती नर्सिंगच्या वसतिगृहात होती म्हणून तारखा सांभाळल्या गेल्या. आईवडिलांबरोबर फडावर गेली असती, तर टाके कोणी काढले असते? फडावर तहान लागली की दातांनी ऊस सोलून खायचा, हा तर रिवाजच. म्हणून पुढे कोणाचे काम हाती घेताना होळीनंतर परत आलेल्या माणसाचे स्क्रू बसवण्याचे काम उन्हाळ्यातच करायचे आणि पावसाळाभर हाड भरू द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. शेतीच्या दिवसांत माणूस घरी तरी असतो.

एप्रिलच्या शेवटी हिरडीला छोटी चीर देऊन झाकणे काढली. स्क्रू हलतो का ते तपासले. एक्स-रेमध्ये हाड चारी बाजूंनी टेकलेले दिसले. हिरडीला आकार यावा म्हणून वर छोट्या टोप्या लावल्या. दोन आठवड्यांनी माप घेतले आणि रंग जुळवला. रंग जुळवताना ट्यूबलाइटच्या उजेडावर न भागवता तिला खिडकीजवळ उभे केले होते. पुढच्या फेरीला कॅप बसल्या. चावताना नव्या दातांवर जास्त भार येऊ नये म्हणून निळा कागद चाववून दोन-तीन वेळा घासून बेतले. त्याचे कारण पुढे येईलच. आरशात पाहून ती काही बोलली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मात्र आपल्या कॉलेजच्या मैत्रिणींची नावे एकेक करून म्हणू लागली. वरचे पुढचे दात खालच्या ओठाला टेकतात तेव्हा "व" नीट उमटतो. सात वर्षे तिचा "व" हवेत निसटत होता, आणि तिच्या खोलीतल्या दोन मुलींची नावे "व" वरून सुरू होतात.

इथे काम संपले असे पुष्कळांना वाटते. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. ती धक्का सोसते आणि दुखले की सांगते. इम्प्लांटला ही गादी नसते, तो थेट हाडाला टेकलेला असतो. म्हणून चावताना भार बेतावा लागतो. आणि म्हणूनच तिथे काही बिघडले तर बराच काळ कळत नाही. इम्प्लांट किडत नाही हे खरे, पण त्याच्याभोवती घाण साचली तर हिरडी सुजते आणि आतले हाड हळूहळू झिजते. दुखत नाही, फक्त घासताना रक्त येते. ते रक्त म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी समजावी. तिला मऊ ब्रश आणि दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश दिला आहे. कडुनिंबाचे दातण चघळून ब्रशासारखे करायची सवय पुढच्या दातांसाठी सोडायची आहे. मक्याचे कणीस दाणे काढून खायचे. ऊस कोयत्याने सोलून, तुकडे करून दाढेने खायचा. बाटलीचे झाकण दाताने उघडायचे नाही, हे तर खऱ्या दातांनाही लागू आहे. अशी निगा राखली तर शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. कॅप मात्र त्याआधी बदलावी लागू शकते. स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, याचे कार्ड मिळते, ते जपून ठेवावे. पुढे दुसऱ्या गावी कॅप सैल झाली तर त्या कार्डाशिवाय डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. तिचे कार्ड तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याशेजारी आहे.

खर्चाबद्दल. आम्ही चौकशी केली तेव्हा खाजगी दवाखान्यांनी एका दाताचे, कॅप धरून, पंचवीस ते पन्नास हजार रुपये सांगितले. हाड भरण्याचे वेगळे. आम्ही दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो, तिथे बरेच कमी पडले. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, रांगा असतात, पण काम दोन जोड्या डोळ्यांखालून जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे, आणि धुळे, नाशिक, पुणे अशा शहरांत खाजगी महाविद्यालये आहेत. आपल्या जवळ जे असेल तिथे आधी चौकशी करावी.

पण देणगीच्या हिशेबात आम्हाला सगळ्यात जास्त जाणवले ते वेगळेच. दहा फेऱ्या. धडगावहून पहाटेची गाडी, घाट उतरून शहाद्याला बदल, पुढे शहर. काम लवकर आटोपले तरी त्याच दिवशी परतीची गाडी सापडत नाही, म्हणजे मुक्काम. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असते म्हणून तिथे थोडी बचत झाली. तरी प्रवास, मुक्काम, जेवण, औषधे आणि तिच्याबरोबर एकदा-दोनदा आलेल्या आईची बुडालेली मजुरी, हे सगळे दाताच्या बिलात कुठेच दिसत नाही. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला आपणा सर्वांना ठाऊक आहे. यापुढे कोणाला दातांच्या कामासाठी देणगी द्यायची असेल, तर कृपया ती "फक्त इम्प्लांटसाठी" असे न लिहिता "दातांच्या उपचारासाठी, प्रवासासह" असे लिहून पाठवावी. हेतू बंदिस्त असला की हिशेबनीस प्रवासाचा रुपयाही त्यातून देऊ शकत नाहीत.

सध्या आमच्या यादीत चौघे आहेत. एक तरुण आहे, मोटारसायकल घसरून त्याचा एक दात गेला आहे. तो तंबाखू सोडतो का ते पाहून पुढे जाऊ. इतर तिघे सत्तरीच्या पुढचे, दोन आज्या आणि एक बाबा. त्यांना इम्प्लांट नको, पूर्ण कवळी हवी आहे. त्यांची मापे ऑगस्टमध्ये, पेरणी-निंदणीतून मुलांना सवड मिळाली की घ्यायची आहेत. त्यांच्याबरोबर शहरात दोन दिवस राहू शकेल, जिन्यावरून हात धरून नेऊ शकेल आणि शक्यतो पावरी किंवा भिलोरी बोली समजेल असा एखादा बंधू किंवा भगिनी हवी आहे. इच्छुकांनी कार्यालयात कळवावे. आमच्या मुलीची पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे आणि तिची पहिल्या वर्षाची परीक्षा त्याच्या थोडी आधी. दोन्हींसाठी प्रार्थना करावी, परीक्षेसाठी जरा जास्त, असे तिने सांगायला सांगितले आहे.